‘आय ॲम नोइंग’ का चालत नाही: स्थितिदर्शक क्रियापदे आणि चालू काळ, मराठी भाषकांसाठी मार्गदर्शक

मराठी माध्यमात शिकून पुढे नोकरीसाठी, परीक्षेसाठी किंवा परदेशातील शिक्षणासाठी इंग्रजीत लिहू-बोलू लागलेल्या प्रत्येकाला एक नियम फार लवकर शिकवलेला असतो: क्रिया आत्ता चालू असेल तर ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ घ्यावे आणि क्रियापदाला ‘-इंग’ लावावे. नियम खरा आहे, पण अपुरा आहे. ‘आय ॲम राइटिंग’ बरोबर आणि ‘आय ॲम नोइंग’ चूक, असे का, हे त्यातून कळत नाही. त्यानंतर हाती येते ती तीस-चाळीस क्रियापदांची यादी, आणि ती पाठ केली तरी बोलण्याच्या ओघात आठवत नाही. मी स्वतः याच वाटेने इंग्रजी शिकले. यादीपेक्षा आपल्या मराठीचाच आधार घेतला तर हा विषय कितीतरी लवकर उलगडतो, असे मला ठामपणे वाटते, आणि म्हणून पुढील पायऱ्या मराठीकडून इंग्रजीकडे जाणाऱ्या आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ हे वाक्य भारतात कोणालाही कळते, आणि स्थितिदर्शक, म्हणजे कृती नव्हे तर स्थिती सांगणाऱ्या, क्रियापदांना ‘-इंग’ लावण्याची ही सवय भाषाभ्यासक भारतीय इंग्रजीचे एक वैशिष्ट्य म्हणून नोंदवतात. ते अडाणीपणाचे लक्षण नाही, आणि कोणी तसे बोलल्यास हसण्याचे कारण नाही. मात्र परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत, जिथे बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते आणि व्याकरणाची व्याप्ती व अचूकता हा गुणांकनाच्या चार निकषांपैकी एक असतो, किंवा परदेशी ग्राहकाला पाठवायच्या पत्रात प्रमाण इंग्रजीची अपेक्षा असते. हा लेख त्या प्रमाण इंग्रजीसाठी आहे.

जवळ काय असावे

पहिली गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिन्हींचे असे शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. इंग्रजी–मराठी शब्दकोश अर्थासाठी उपयोगी आहे, पण या कामासाठी सहसा पुरत नाही, कारण क्रियापद चालू काळात येते की नाही हे त्यात सांगितलेले नसते. दुसरी गोष्ट म्हणजे दोन रकाने आखलेली वही. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, म्हणजे तुम्ही स्वतः अलीकडे लिहिलेला इंग्रजी मजकूर: ईमेल, अर्ज, निबंध, काहीही चालेल.

१. चालू काळ नेमके काय सांगतो ते आधी समजून घ्या

‘शी इज राइटिंग अ लेटर’ या वाक्यात घडत असलेली गोष्ट आहे. ती कधीतरी सुरू झाली, तिचे टप्पे आहेत, ती अजून पूर्ण झालेली नाही आणि ती थांबवता येते. ‘शी नोज द आन्सर’ या वाक्यात घडत काहीच नाही. उत्तर माहीत असण्याला टप्पे नसतात. ते माहीत असते किंवा नसते. पहिल्या प्रकारच्या क्रियापदांना कृतिदर्शक आणि दुसऱ्या प्रकारच्या क्रियापदांना स्थितिदर्शक, इंग्रजीत ‘स्टेटिव्ह’, म्हणतात. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली क्रियापदांचे काळाशी असलेले नाते तपासून त्यांचे चार वर्ग पाडले, त्यांतला एक वर्ग स्थितींचा होता, आणि आजही या विषयावरची चर्चा बहुधा तिथूनच सुरू होते.

ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे ‘तो काय करतो आहे?’ हा प्रश्न. ‘तो पत्र लिहितो आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकते. ‘त्याला उत्तर माहीत आहे’ किंवा ‘त्याच्याकडे गाडी आहे’ हे त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. जे उत्तर होऊ शकत नाही, तिथे इंग्रजीत ‘-इंग’ लावण्यापूर्वी थांबावे.

२. ‘मला’ आणि ‘मी’ यांच्याकडे लक्ष द्या

ही पायरी सर्वांत उपयोगाची आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवावा. मराठी एक भेद फार नेमकेपणाने करते. जे आपण करतो त्यासाठी ‘मी’ येते. जे आपल्या ठिकाणी असते किंवा आपल्याला आपोआप जाणवते त्यासाठी ‘मला’ किंवा ‘माझ्याकडे’ येते. इंग्रजी दोन्हीकडे ‘आय’ वापरते, आणि तो भेद ‘-इंग’ लावून किंवा न लावून दाखवते. म्हणजे जी माहिती इंग्रजी क्रियापदाच्या रूपात ठेवते, ती मराठीत वाक्याच्या पहिल्याच शब्दात असते.

मला माहीत आहे, मला समजते, मला आठवते, मला आवडते, मला हवे आहे, मला पटते, मला गरज आहे, माझ्याकडे आहे: या सगळ्यांची इंग्रजी रूपे साध्या काळात येतात. आय नो, आय अंडरस्टँड, आय रिमेंबर, आय लाइक, आय वाँट, आय अग्री, आय नीड, आय हॅव.

आता जोड्या पाहा. ‘मला वाटते की तो बरोबर आहे’ म्हणजे ‘आय थिंक ही इज राइट’; ‘मी घर घेण्याचा विचार करते आहे’ म्हणजे ‘आय ॲम थिंकिंग ऑफ बायिंग अ हाउस’. ‘मला गॅसचा वास येतो आहे’ म्हणजे ‘आय कॅन स्मेल गॅस’. ‘मी फुलांचा वास घेते आहे’ म्हणजे ‘आय ॲम स्मेलिंग द फ्लॉवर्स’. ‘मला डोंगर दिसतो आहे’ यासाठी ‘सी’, पण ‘मी डोंगराकडे बघते आहे’ यासाठी ‘लुक’. ‘मला गाणे ऐकू येते आहे’ यासाठी ‘हिअर’, पण ‘मी गाणे ऐकते आहे’ यासाठी ‘लिसन’. शेवटच्या दोन जोड्यांत इंग्रजीने क्रियापदच बदलले आहे, आणि त्यांतील ‘लुक’ व ‘लिसन’ यांना ‘-इंग’ निर्धास्तपणे लावता येते.

खरी अडचण इथेच आहे. मराठीत ‘मला समजत नाहीये’, ‘मला दिसत आहे’, ‘मला आवाज येत आहे’ ही रूपे अगदी स्वाभाविक आहेत, कारण मराठीतील ‘-त आहे’ स्थितीलाही लागते. मनात ‘समजत नाहीये’ उमटते आणि तोंडून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ बाहेर पडते. म्हणून मराठी वाक्याचा शेवट पाहू नये, सुरुवात पाहावी. सुरुवातीला ‘मला’ असेल तर शेवटच्या ‘-त आहे’ कडे दुर्लक्ष करावे.

या कसोटीच्या मर्यादाही माहीत हव्यात. ‘मला उशीर होतो आहे’, ‘मला झोप येते आहे’ यांत स्थिती बदलते आहे, म्हणून इंग्रजीत ‘आय ॲम रनिंग लेट’, ‘आय ॲम फीलिंग स्लीपी’ असे चालू काळातले वाक्य योग्य ठरते. उलट बाजूने, मी ओळखते, मी मानते, मी विश्वास ठेवते, मी प्रेम करते यांत ‘मी’ असूनही इंग्रजीतील नो, बिलीव्ह, ट्रस्ट, लव्ह ही स्थितिदर्शकच आहेत. अशी क्रियापदे थोडी आहेत, तेवढी वहीत वेगळी लिहून ठेवावीत.

३. जिथे मराठीत नुसते ‘आहे’ येते तिथे ‘-इंग’ नको

कर्ता माणूस नसून वस्तू असेल तेव्हा ‘मला’ची कसोटी लागू पडत नाही. तिथे दुसरी खूण आहे. ‘हे पुस्तक ग्रंथालयाचे आहे’, ‘या फाइलमध्ये तीन तक्ते आहेत’, ‘ते पावसावर अवलंबून आहे’, ‘तिकिटाची किंमत पाचशे रुपये आहे’: या वाक्यांत मराठीत दुसरे क्रियापदच नाही, केवळ ‘आहे’ आहे. इंग्रजीत मात्र बिलाँग, कंटेन, डिपेंड, कॉस्ट अशी स्वतंत्र क्रियापदे येतात आणि ती साध्या काळात राहतात. कार्यालयीन पत्रांत ‘द फाइल इज कंटेनिंग’ हे वाक्य मी फार वेळा पाहते. ‘द फाइल कंटेन्स’ एवढेच पुरेसे आहे. कन्सिस्ट, इन्क्लूड, ओन, पझेस, डिझर्व्ह, मॅटर, मीन, सीम यांनाही हेच लागू आहे.

४. ‘हॅव’ स्वतंत्रपणे शिका

सर्वाधिक चुका या एका क्रियापदात होतात, आणि माझ्या मते त्याचे कारण पुन्हा ‘आहे’ हेच आहे. ‘माझ्याकडे गाडी आहे’ मधल्या ‘आहे’साठी ‘ॲम’ आणि मालकीसाठी ‘हॅव’ असे दोन्ही एकत्र आणण्याचा प्रयत्न होतो, आणि ‘आय ॲम हॅविंग अ कार’ तयार होते.

अर्थ मालकी, नाते, गुणधर्म किंवा आजार असा असेल तर ‘-इंग’ येत नाही. आय हॅव टू ब्रदर्स. शी हॅज अ फ्लॅट इन ठाणे. ही हॅज अ फीव्हर. आय हॅव अ क्वेश्चन. वर्गात किंवा बैठकीत ऐकू येणारे ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ दोन कारणांनी टाळावे: एक म्हणजे ‘-इंग’, आणि दुसरे म्हणजे प्रमाण इंग्रजीत ‘डाउट’ हा शब्द अविश्वासाकडे झुकतो, विचारायच्या प्रश्नाकडे नाही.

अर्थ करणे, घेणे, खाणे किंवा अनुभवणे असा असेल तर ‘-इंग’ बिनदिक्कत येते. वी आर हॅविंग लंच. दे आर हॅविंग अ मीटिंग. आर यू हॅविंग अ गुड टाइम? आय ॲम हॅविंग ट्रबल विथ द प्रिंटर. नियम जास्त मनावर घेतलेले विद्यार्थी ‘वी हॅव लंच नाउ’ असे म्हणू लागतात, तेही योग्य नाही. पडताळण्यासाठी ‘हॅव’च्या जागी ‘ओन’, म्हणजे मालकी असणे, मनात ठेवून पाहावे. वाक्य मालकीचे निघाले तर साधा काळ. एक वाक्य मात्र जपून वापरावे: ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे ती बाळंत होते आहे किंवा होणार आहे. तिला आधीच मूल आहे असे सांगायचे असेल तर ‘शी हॅज अ बेबी’.

५. ज्ञानेंद्रियांच्या क्रियापदांना ‘कॅन’ जोडा

सी, हिअर, स्मेल, टेस्ट आणि फील यांच्या आपोआप जाणवण्याच्या अर्थाबाबत ‘आत्ता या क्षणी’ असे सांगायचे असते आणि ‘-इंग’ तर चालत नाही, मग करायचे काय? इंग्रजी अशा वेळी ‘कॅन’ वापरते. ऑनलाइन बैठकीत ‘आय ॲम नॉट हिअरिंग यू’ ऐवजी ‘आय कान्ट हिअर यू’, आणि ‘आर यू सीइंग माय स्क्रीन?’ ऐवजी ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’. हा बदल एका दिवसात अंगवळणी पडतो आणि बोलणे लगेच सहज वाटू लागते.

‘सीइंग’ टाळण्याचे आणखी एक कारण आहे. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ म्हणजे उद्या डॉक्टरांची भेट ठरलेली आहे, हे ठीक. परंतु एखाद्या व्यक्तीचे नाव घेऊन ‘आय ॲम सीइंग हर’ म्हटले तर त्याचा अर्थ त्या दोघांत प्रेमसंबंध आहेत असा होतो. कार्यालयात ‘मला ती समोर दिसते आहे’ एवढेच सांगायचे असताना असे वाक्य गेले तर गैरसमज ओढवेल.

६. दोन अर्थांची क्रियापदे जोडीने लिहा

काही क्रियापदे एका अर्थाने स्थिती दाखवतात आणि दुसऱ्या अर्थाने कृती. वहीतले दोन रकाने यांच्यासाठी आहेत. डावीकडे ‘द सूप टेस्ट्स सॉल्टी’, उजवीकडे ‘द कुक इज टेस्टिंग द सूप’. डावीकडे ‘द बॅग वेज ट्वेंटी किलोज’, उजवीकडे ‘द क्लर्क इज वेइंग द बॅग’. डावीकडे ‘रायगड स्टँड्स ऑन अ हिल’, कारण गड तिथे कायमचाच आहे. उजवीकडे ‘अ गार्ड इज स्टँडिंग ॲट द गेट’, कारण पहारेकरी थोड्या वेळाने निघून जाईल.

फील, लुक आणि हर्ट यांबाबत फारशी चिंता करू नये. ‘आय फील बेटर’ आणि ‘आय ॲम फीलिंग बेटर’, ‘यू लुक टायर्ड’ आणि ‘यू आर लुकिंग टायर्ड’, ‘माय लेग हर्ट्स’ आणि ‘माय लेग इज हर्टिंग’ या तिन्ही जोड्यांत दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. फक्त ‘फील’चा अर्थ मत असा असेल, जसे ‘आय फील दॅट धिस इज अनफेअर’, तेव्हा साधा काळ ठेवावा.

‘लिव्ह’ स्थायी वास्तव्यासाठी साध्या काळात आणि तात्पुरत्या वास्तव्यासाठी चालू काळात येते. पुण्यात स्वतःचे घर असणाऱ्याने ‘आय लिव्ह इन पुणे’ म्हणावे. ‘आय ॲम स्टेइंग इन पुणे’ म्हटले तर ऐकणारा समजेल की तुम्ही हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे उतरला आहात.

७. ‘बी’ला ‘-इंग’: ‘ही इज बीइंग रूड’

‘ही इज रूड’ म्हणजे तो स्वभावाने उद्धट आहे. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे एरवी कसाही असो, आत्ता उद्धटपणे वागतो आहे. हे रूप फक्त माणसाच्या हातात असलेल्या वागण्याला लागते: काइंड, सिली, केअरफुल, डिफिकल्ट. ‘आय ॲम बीइंग टायर्ड’ किंवा ‘शी इज बीइंग टॉल’ होत नाही, कारण दमणे किंवा उंच असणे हे वागणे नव्हे. ‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड’ हे कर्मणी वाक्य असून त्याचा या नियमाशी संबंध नाही. ते नेहमीच बरोबर असते.

८. ‘पासून’ असलेल्या वाक्यांत दुहेरी सापळा ओळखा

‘मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखते’ हे वाक्य इंग्रजीत नेताना दोन्ही बाजूंनी पाय घसरतो. ‘आय ॲम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स’ यात चालू काळ चूक, आणि ‘आय नो हिम सिन्स टेन इयर्स’ यात वर्तमानकाळ चूक. शिवाय कालावधी सांगताना ‘सिन्स’ नव्हे, ‘फॉर’ लागते. योग्य वाक्य: ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. कृतिदर्शक क्रियापद असते तर ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’ असे ‘-इंग’ आले असते. स्थितिदर्शक क्रियापदाबरोबर ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप येते. वुई हॅव हॅड धिस कार सिन्स २०१५. शी हॅज ओन्ड द शॉप फॉर इयर्स. मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना अशी वाक्ये हमखास लागतात, म्हणून स्वतःच्या माहितीची चार-पाच वाक्ये आधीच लिहून म्हणून पाहावीत.

भूतकाळातही हाच न्याय लागतो: ‘मला माहीत होते’ म्हणजे ‘आय न्यू’, ‘आय वॉज नोइंग’ नव्हे.

९. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक नियम मोडतात तेव्हा काय घडते ते पाहा

इथपर्यंत आलेला वाचक हमखास विचारतो की मॅकडोनाल्ड्सने २००३ पासून ‘आय ॲम लव्हिंग इट’ हे घोषवाक्य जगभर कसे वापरले. उत्तर असे की स्थिती तात्पुरती, ताजी किंवा बदलती दाखवायची असेल तेव्हा इंग्रजी जाणूनबुजून ‘-इंग’ आणते. ‘हाउ आर यू लाइकिंग द न्यू जॉब?’ या प्रश्नात नोकरी नवी आहे आणि मत अजून बनते आहे. ‘शी इज रिझेम्ब्लिंग हर मदर मोअर एव्हरी इयर’ यात साम्य वाढत चालले आहे. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प’ किंवा ‘आय ॲम होपिंग टु हिअर फ्रॉम यू’ यांत ‘-इंग’मुळे विनंतीचा सूर मऊ होतो, आणि ही दोन्ही वाक्ये औपचारिक ईमेलमध्येही चालतात.

चालू काळाची व्याप्ती इंग्रजीत गेली काही शतके वाढतच आली आहे. ‘इज बीइंग बिल्ट’ हे आज निर्विवाद असलेले रूपसुद्धा एकोणिसाव्या शतकात अनेक व्याकरणकारांना खटकत असे. तरीही नवशिक्याने ‘लव्हिंग’ किंवा ‘लाइकिंग’ परीक्षेच्या निबंधात वापरू नये, असा माझा सल्ला आहे. तिथे साधा काळ कोणालाच खटकणार नाही. नो, ओन, बिलाँग, कंटेन, कन्सिस्ट यांना तर बोलीतही ही सवलत जवळजवळ मिळत नाही.

१०. नियम जिथे लागू नाही तिथे लावू नका

बंदी ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ आणि ‘-इंग’ यांच्या जोडीवर आहे, ‘-इंग’ या प्रत्ययावर नाही. ‘नोइंग द रूट, शी टुक अ शॉर्टकट’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘ओनिंग अ हाउस इन मुंबई इज एक्स्पेन्सिव्ह’ हेही शुद्ध आहे, कारण इथे ‘ओनिंग’ नामासारखे आले आहे. नियम शिकल्यावर काही जण अशी वाक्येही बदलू पाहतात. ती तशीच ठेवावीत.

११. स्वतःचा मजकूर तपासा

शब्दकोशात क्रियापद पाहताना कंसातील टीप वाचावी. केंब्रिजच्या शब्दकोशात ‘नॉट कंटिन्युअस’, लाँगमनमध्ये ‘नॉट इन प्रोग्रेसिव्ह’ आणि ऑक्सफर्डमध्ये ‘नॉट यूज्ड इन द प्रोग्रेसिव्ह टेन्सेस’ अशा अर्थाची नोंद असते. ही नोंद बहुधा संपूर्ण क्रियापदाला नसून त्याच्या विशिष्ट अर्थाला जोडलेली असते, म्हणून आपल्याला हव्या त्या अर्थाच्या क्रमांकापुढेच ती शोधावी.

मग आपला जुना मजकूर संगणकावर उघडून शोधाच्या चौकटीत ‘-इंग’ची तीन इंग्रजी अक्षरे टाकावीत. सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी आधी पाहावे की मागे ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ यांपैकी काही आहे का. नसेल तर पुढे जावे. असेल तर ते वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणावे, आणि सुरुवातीला ‘मला’ किंवा ‘माझ्याकडे’ आले, अथवा नुसते ‘आहे’ उरले, तर क्रियापद शब्दकोशात पाहून ते वाक्य वहीच्या योग्य रकान्यात उतरवावे. पुस्तकातली वाक्ये वहीत उतरवू नयेत. तुम्ही ज्या तीन-चार क्रियापदांत वारंवार अडकता ती तुमच्याच मजकुरातून वर येतील, आणि पुढील महिनाभर सराव तेवढ्यांचाच करावा.